भूगोलाच्या पेपरआधीची आंघोळ

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या विषयाला नीट नाव नाही. गणिताच्या सरांचं गणित असतं, विज्ञानाच्या मॅडमचं विज्ञान असतं, माझं मात्र 'ते इतिहास-भूगोल'. वेळापत्रकात माझा तास जेवणानंतर पडतो, नाहीतर अगदी शेवटी, म्हणजे अर्धी पोरं पेंगत असतात आणि बाकीची दप्तर भरून घंटेकडे कान लावून असतात. दिवाळी सरली की गणिताचे सर वर्गाच्या दारात येऊन गोड हसतात. "मॅडम, आजचा तास देता का? तुमचं काय, पोरं घरी वाचून घेतील." सुरुवातीला मी देत गेले. मग एक दिवस मीच म्हणाले, "सर, तुमचंही घरी वाचून घेतील की. पुस्तक छापलेलंच आहे." तेव्हापासून मी भांडखोर म्हणून ओळखली जाते. त्याचा मला फायदाच झाला, तास मागायला आता कमी लोक येतात.

मी तापीकाठची. प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे आमचं गाव, केळीचं आणि उसाचं. घरात गुजरी, बाजारात अहिराणी आणि मराठी फक्त शाळेत. तळोद्याच्या शाळेत मी लागले तेव्हा शेजारचे काका ओट्यावर बसून म्हणाले होते, "इतिहास शिकाडीसन काय व्हस, बेटा? गणित लेती तर क्लास तरी काढती." मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, कारण शाळेतही सगळ्यांचं मत तेच आहे, फक्त ते शुद्ध मराठीत सांगतात.

माझ्या वर्गातली निम्मी पोरं वरची. वरची म्हणजे सातपुड्यातली, मोलगीच्याही पलीकडच्या पाड्यांवरची, तळोद्यात वसतिगृहात राहून शिकणारी. दहावीचा भूगोल सगळा भारत आणि ब्राझीलचा. म्हणजे ज्यांच्या पायाखाली नर्मदेचं खोरं आहे त्या पोरांना मी ॲमेझॉनचं खोरं शिकवते, आणि ती बिचारी ते पाठही करतात. त्यांच्या डोंगराला पुस्तकात एक ओळ मिळाली तरी खूप झालं. इतिहासात वारशाचं प्रकरण आहे. लोकांचे सण, त्यांची नृत्यं, त्यांच्या रीती हाही वारसाच, तो जपला पाहिजे, असं आम्ही फळ्यावर लिहून देतो आणि पोरं ते परीक्षेत जसंच्या तसं उतरवून काढतात. कुणाचा वारसा आणि तो कुणी जपायचा, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

या विषयांचं आणखी एक दुर्दैव आहे. बोर्डाच्या परीक्षेत ते सगळ्यात शेवटी येतात. आधी भाषा, मग गणित, मग विज्ञान, आणि सगळे दमले की इतिहास-राज्यशास्त्र आणि त्यानंतर भूगोल. म्हणजे मार्चमध्ये. आणि मार्चमध्ये असते होळी.

बोर्ड होळीची सुट्टी देतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोर्डाची होळी एका दिवसात विझते. सातपुड्यातली तशी विझत नाही. तिथे आज या गावची, उद्या त्या गावची, परवा आणखी पलीकडच्या गावची, अशी ती डोंगरभर फिरते, आणि नाचणारे एका होळीवरून दुसऱ्या होळीला चालत जातात. मोलगीच्या बाजारात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. पोरं इतिहासाचा पेपर देऊन घरी जातात, "भूगोलाला येतो मॅडम" म्हणून सांगतात, आणि दरवर्षी एखाददुसरं येत नाही. बाकी सगळ्या पेपरांत पास, भूगोलाला गैरहजर. मी मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं की हे वर कळवा. ते म्हणाले, "काय कळवू? ह्यांची होळी पंधरा दिवस चालते, तोवर महाराष्ट्राने थांबावं?" स्टाफरूम हसली. म्हणून मीच दर फेब्रुवारीत पालकांना गाठते, फोन करते, हात जोडते. भूगोलाचा पेपर होईपर्यंत पोराला घरी नेऊ नका, होळीला सुट्टी देणार नाही. पालक मान डोलावतात आणि मग जे व्हायचं ते होतं.

ज्या मुलाबद्दल मी हे लिहिते आहे, तो वर्गात कधी हात वर करणारा नव्हता. पण त्याला नकाशा कळायचा. इतर पोरं ब्राझीलचा आराखडा पुस्तकावर पातळ कागद ठेवून गिरवत, हा वहीत सरळ हाताने काढायचा. एकदा मी वर्गाला सांगितलं, तुमच्या गावापासून तळोद्यापर्यंतचा रस्ता काढून आणा. बहुतेकांनी एक आडवी रेघ ओढून दोन टोकांना नावं लिहिली. त्याने चढ, उतार, ओढे, जीप कुठे थांबते, पावसाळ्यात कुठून चालावं लागतं, सगळं काढलं होतं, आणि कोपऱ्यात उत्तर दिशाही दाखवली होती. मी तो कागद स्टाफरूममध्ये नेऊन दाखवला. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "छान आहे, पण याला काही मार्क आहेत का?" मार्क नव्हते. पुढे काय शिकणार, असं मी त्याला विचारलं तर म्हणाला, "भूगोल." मला झालेला आनंद मी लपवला नाही.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं तेव्हा तोच माझ्याकडे आला. इतिहास आणि भूगोलाच्या मधल्या दिवसांवर त्याच्या गावची होळी येत होती.

"जायचं नाही," मी म्हणाले.

"जावं लागेल मॅडम. पालनी माझी आहे."

पालनी म्हणजे होळीचा नवस पाळणं. ज्याने ती धरली त्याने त्या दिवसांत आंघोळ करायची नाही, खाटेवर बाकावर बसायचं नाही, बाईमाणसाला शिवायचं नाही, बाईच्या हातचं खायचं प्यायचं नाही, आपलं आपण शिजवायचं. अंगावर राख आणि तांदळाच्या पिठाची नक्षी काढायची, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून होळीपुढे नाचायचं, आणि शेवटच्या गावची होळी झाली की मगच नदीवर जाऊन अंग धुवायचं. एवढं मला पोरांकडून ऐकून ठाऊक होतं.

"वडील करतील की यंदा," मी म्हणाले. "तुझी दहावी आहे."

"दहावीचाच नवस आहे, मॅडम."

त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. तो तळोद्याला शिकायला आला तेव्हाच वडिलांनी होळीला बोलून ठेवलं होतं की पोरगा दहावी पास होऊ दे, पाच होळ्या पालनी करू. आधीच्या होळ्या वडिलांनी नाचून पुऱ्या केल्या. शेवटची ज्याच्यासाठी नवस त्याने करायची. ती राहिली तर आधीच्याही वाया. म्हणजे पास होण्यासाठी होळीला जायचं आणि होळीला गेला तर पेपर बुडायची भीती. मी कपाळाला हात लावला. पण तो शांत होता. त्याने हिशोब केला होता. रात्री नाचायचं, पहाटे निघायचं, मोलगीहून जीप धरायची, पेपर द्यायचा आणि परत वर जाऊन उरलेल्या गावांच्या होळ्या करायच्या. "फक्त बाकावर बसता येणार नाही," तो म्हणाला. "खाली बसून लिहिलं तर चालेल ना?"

मी त्याच दिवशी उपमुख्याध्यापकांकडे गेले. आमच्याच शाळेत परीक्षेचं केंद्र होतं आणि ते केंद्रसंचालक होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तो येऊ तर द्या. वेळ आली की पाहू." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ आहे. तरीही मी मुलाला सांगितलं, ये, मी आहे.

ज्याचा विषय त्याने त्या दिवशी परीक्षाकेंद्रात पाय ठेवायचा नाही असा नियम आहे. म्हणून भूगोलाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर, समोरच्या निंबाखाली उभी होते. कॉपीमुक्त अभियानाचा फलक फाटकावर लावला होता. आत बैठं पथक, फाटकावर पोलीस, पोरांचे खिसे, मोजे, पट्टे सगळं तपासून आत सोडत होते. एकेक जीप येत होती आणि मी प्रत्येक जीपच्या मागे बघत होते.

तो आला तो जीपच्या टपावरून उतरला. खाली बाया बसल्या होत्या म्हणून टपावर बसला असणार. पांढरा शर्ट, खाकी पॅन्ट, हातात पट्टी-पेन्सिलचा डबा. पण शर्टाच्या बाहेर जेवढं अंग होतं, हात, मान, चेहरा, सगळ्यावर राख आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. डोळे जागरणाने लाल. मला बघून तो हसला आणि चार हात लांबच थांबला. मी पाण्याची बाटली पुढे करणार होते, मग आठवलं आणि हात मागे घेतला. "जा, अजून वेळ आहे," मी म्हणाले. तो फाटकातून आत गेला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी टपरीवर चहा सांगितला.

चहा यायच्या आधी शिपाई धावत आला. "मॅडम, तुमना पोऱ्याले साहेब मझार येऊ देत नहीत. पहिले आंग धोई ये म्हनतस."

मी फाटकाशी गेले. केंद्रसंचालक स्वतः मुलाला अडवून तिथे उभे होते. मला वाटलं होतं की भांडण बाकावरून होईल. बाकाचा विषयच निघाला नाही.

"हे अंगावर काय आहे?" ते म्हणाले.

"होळीची नक्षी आहे सर. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"नक्षी आहे हे तुम्ही म्हणता. बैठ्या पथकातले साहेब म्हणतात, कॉपी असू शकते. भूगोलाचा पेपर आहे. ह्या रेघा कसल्या, ठिपके कसले, कोण सांगणार?"

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मी त्या मुलाच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत ठिपक्यांच्या रांगा. ह्यात कुणाला ब्राझील दिसत असेल तर त्याला मी काय शिकवणार होते? "सर, तांदळाचं पीठ आहे ते," मी म्हणाले. "तुम्हीही नंदुरबार जिल्ह्यातच जन्मलात ना? होळीचा नाच कधी पाहिला नाही?"

"पाहिलाय. होळीत पाहिलाय. परीक्षा हॉलमध्ये नाही. भरारी पथक आलं तर केंद्र रद्द करतील. बाकीच्या पोरांचं नुकसान कोण भरून देणार, तुम्ही?"

"परवाच इतिहासाच्या पेपरात ह्यांनी वारसा जपण्यावर उत्तरं लिहिलीत, सर. तुमच्याच केंद्रात."

"तो पेपर झाला," ते म्हणाले. "नळ तिकडे आहे. पाच मिनिटांचं काम आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन काढला. तालुक्याच्या साहेबांना लावला, उचलला नाही. जिल्ह्याला लावला, मीटिंगमध्ये आहेत. वर एका ओळखीच्यांना लावला, ते म्हणाले, "मॅडम, केंद्रावरचा निर्णय केंद्रसंचालकांचाच असतो." पहिली घंटा झाली. मी बोलत बोलत टपरीपर्यंत गेले होते ती वळून फाटकाशी आले, तर मुलगा तिथे नव्हता.

तो नळावर होता. शर्ट काढून भिंतीवर टाकला होता आणि वाकून अंग चोळत होता. त्याने मला विचारलं नाही. माझी वाट पाहिली नाही. खालच्या मोरीतून पांढरं, राखाडी पाणी वाहत होतं आणि रांगेतली तळोद्याची दोन पोरं मान वळवून बघत होती. मला केंद्रसंचालकांचा राग आला, पथकाचा आला, त्या नवसाचा आला, पोराच्या दहावीला जंगलातल्या जाळाच्या हवाली करणाऱ्या बापाचाही आला. आणि खोटं कशाला बोलू, त्या मुलाचाही आला. थोडं थांबला असतास, असं मला ओरडावंसं वाटलं. थांबून काय झालं असतं, ते मात्र मला माहीत नव्हतं.

ओल्या अंगावर शर्ट चढवून तो आत गेला. बाकावर बसला असणारच.

पेपर सुटल्यावर तो बाहेर आला तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "नकाशा सोपा होता मॅडम," तो म्हणाला. मी बाटली पुढे केली आणि त्याने ती माझ्या हातातून घेतली. घटाघटा पाणी प्यायला. पालनी मोडली हे त्याने मला असं सांगितलं.

"आता वर जातोस ना?"

"कशाला?" तो म्हणाला. आणि वसतिगृहाकडे चालू लागला. बाकीची पोरं पेपर सुटताच होळीला गेली, त्या रिकाम्या इमारतीत तो एकटा राहिला.

निकाल लागला. तो पास झाला, आणि इतिहास-भूगोलात शाळेत पहिला आला. गणिताच्या सरांनी माझं अभिनंदन केलं आणि लगेच म्हणाले, "तुमचा विषय स्कोअरिंगच आहे म्हणा." पेढे उपमुख्याध्यापकांनी वाटले. तो मुलगा मात्र निकालपत्र घ्यायला आला नाही. अकरावीचे प्रवेश सुरू झाले तरी आला नाही. शेवटी मीच मोलगीच्या बाजाराच्या दिवशी जीपने वर गेले.

बापलेक बाजारातच भेटले. बाप काटक, अंगात साधा शर्ट, बोलण्यात कमालीचा सौम्य. मी मनात ज्या माणसावर इतके महिने चिडले होते तो हाच, हे मला पटेना. त्याने मला झाडाखाली बसवलं, चहा मागवला. कामापुरती मराठी त्याला येते, पण महत्त्वाचं बोलायचं असलं की तो आपल्या भाषेत बोलतो. मुलगा ते मराठीत करून मला सांगत होता, जमिनीकडे बघत.

"ते म्हणतात, तुम्ही इतक्या लांब आलात, बरं वाटलं."

"पास झाला हे ऐकून आनंद झाला का विचार."

मुलाने विचारलं. बाप बराच वेळ बोलला. मुलगा म्हणाला, "ते म्हणतात, होळीने पास केलं असतं तर तिचं कसं फेडायचं ते आम्हाला माहीत होतं. आता तुम्ही लोकांनी पास केलं. तुमचं कसं फेडायचं?"

मी म्हणाले की फेडायचं काही नाही, तो स्वतःच्या अभ्यासाने पास झाला. मुलाने हे वाक्य बापाला सांगितलं की नाही, मला कळलं नाही.  मग बापाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "घेऊन जा. शिकू दे. मी पालनी पहिल्यापासून धरतो." म्हणजे पाच होळ्या पुन्हा. पोरगा पास झाला होता तरीही. मला त्यातला तर्क कळत नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावर कुरकूर नव्हती एवढं मात्र दिसलं.

शाळेला जोडूनच आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. कला शाखेच्या प्रवेशाच्या खिडकीशी मी त्याच्याबरोबर उभी राहिले. "भूगोल," तो म्हणाला. क्लार्कने वर न बघता सांगितलं, भूगोल नाही. भूगोलाला प्रात्यक्षिकं असतात, त्यासाठी खोली लागते, शिक्षकाची जागा रिकामी आहे. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, हे जे आहे ते.

"पण मला भूगोल..."

"अरे, तुला काय फरक पडतो?" क्लार्क मायेनेच म्हणाला. "समाजशास्त्र घे. त्यात आदिवासी समाज आहे. तुमच्यावरच आहे सगळं, तुला सोपं जाईल."

त्याने समाजशास्त्र घेतलं. पहिल्या चाचणीत आदिवासी समाजाच्या वैशिष्ट्यांवरच्या प्रश्नाला त्याला निम्मेच मार्क पडले. शिकवणाऱ्या सरांना मी विचारलं तर म्हणाले, "त्याने स्वतःच्या मनाचं लिहिलंय. पुस्तकातले मुद्दे नाहीत." मी हसले. रडण्यापेक्षा बरं.

ऑगस्टमध्ये आदिवासी दिन आला. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. उपमुख्याध्यापकांनी सभा घेतली आणि म्हणाले, "ह्या वर्षी आपल्याला अस्सल होळीनृत्य दाखवायचंय. भाषणं कमी. आपला वारसा दिसला पाहिजे." वारसा हा शब्द त्यांच्या तोंडी ऐकून मी टेबलाखाली मुठी आवळल्या. आणि मग त्यांनी त्याच मुलाचं नाव घेतलं. तोच चांगला नाचतो म्हणे, पोरांनी सांगितलं. ह्याच मुलाला आपण नळावर पाठवलं होतं हे ते विसरले होते, की त्यांच्या लेखी त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता? मी भर सभेत आठवण करून दिली. "मॅडम, ती परीक्षा होती," ते म्हणाले. "हा कार्यक्रम आहे."

मी मुलाला गाठलं. म्हटलं, तू नाही म्हण, पुढचं मी बघते. मला खात्री होती की तो नाही म्हणेल. तो व्हरांड्यात उभा राहून चित्रकलेच्या सरांनी आणलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्यांकडे बघत होता.

"नाचतो मॅडम," तो म्हणाला.

"अरे, ऑगस्टमध्ये? होळी नाही, जाळ नाही, पालनी नाही..."

"पालनी नाही म्हणूनच. आता नुसता रंग आहे. कुणीही लावावा."

चित्रकलेच्या सरांनी त्याला आणि आणखी काही जणांना ब्रशने रंगवलं. ठिपके फार सुबक आले, एकसारखे. कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसं. तो नाचला आणि चांगला नाचला. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर ओळीने फोटो. साहेब, उपमुख्याध्यापक, गणिताचे सर, विज्ञानाच्या मॅडम, सगळे त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. मलाही बोलावलं. मी गेले नाही. पण न जाऊन मी फार काही मोठं केलं असं मला वाटत नाही.

मंडपाच्या मागच्या बाजूला मला त्याचा बाप दिसला. प्रकल्प कार्यालयात कसल्याशा दाखल्यासाठी तो तळोद्याला आला होता, आणि वसतिगृहाच्या रखवालदाराने त्याला पोराचा नाच बघायला म्हणून आणून बसवलं होतं. तो नाच संपेपर्यंत बसला होता. मी जवळ गेले तेव्हा उठून उभा राहिला आणि चपला पायात घालू लागला. मुलगा अजून फोटोंच्या गर्दीत होता.

"थांबा, त्याला बोलावते," मी म्हणाले.

"नको."

 मी म्हणाले, शाळेने सांगितलं म्हणून नाचला, त्याचा दोष नाही. बापाने मान हलवली, त्याला ते माहीत होतं. या वेळी मध्ये मुलगा नव्हता, म्हणून तो शब्द शोधत शोधत मराठीतच बोलला.

"रंग लावला, होळी नाही. नाचला. सगळ्यांनी फोटो काढला, गावात येणार तो फोटो. आता गावचा कोणी त्याच्या बाजूला नाचणार नाही." त्याने दुसऱ्या पायात चप्पल घातली. "तो होळीला आला तर मला गावाचं बोलणं ऐकायला लागेल. मी बाप आहे. त्याच्यासमोर कसं ऐकू?"

 स्टेजवर कुणीतरी माईकवरून आभार मानत होतं.

"मॅडम," तो हात जोडून म्हणाला, "होळीला त्याला सुट्टी देऊ नका."

इतकी वर्षं मी दर फेब्रुवारीत वरच्या आईबापांकडे हेच मागत आले होते. पहिल्यांदाच कुणीतरी मला ते दिलं. मी हो म्हणाले.